वाळूतली रेघ

गोल्फ क्लबात खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे सगळे कॅडी त्याला 'वकील' म्हणत. शाळेचं तोंड त्याने फारसं पाहिलं नव्हतं, पण गोल्फचे नियम तोंडपाठ. त्यातही बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्याचा नियम सांगताना गडी रंगात येई. "चेंडू वाळूत पडला ना, की वाळूला नुसतं बघायचं. फटका मारण्याआधी स्टिक वाळूला लागली, तर दोन फटक्यांचा दंड. लागली म्हणजे लागली. जराशी लागली असं काही नसतं."

या नियमापायी त्याने पोटच्या पोरीलाही सोडलं नव्हतं. गेल्या महिन्यात संघनिवडीच्या सामन्यात ती बंकरमध्ये उभी होती. स्टिक मागे नेताना वाळूवर केसाएवढी रेघ उमटली. पाहिली फक्त यानेच, आणि सगळ्यांदेखत बोललाही हाच. एका फटक्याने तिची निवड हुकली. आठ दिवस तिने अबोला धरला. नवव्या दिवशी आपणहून म्हणाली, "बाबा, बरोबर होतं तुमचं." त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

आज क्लबचा अंतिम सामना होता. अध्यक्षांची पिशवी त्याच्या खांद्यावर, त्यांच्याशी खेळणाऱ्या डॉक्टरांची त्याच्या मुलीच्या. त्याचा खांदा आताशा सारखा ठणके. कॅडींचा मुकादम निवृत्त होत होता आणि ती खुर्ची कुणाला द्यायची हे अध्यक्षांच्या हातात होतं. सकाळीच ते म्हणाले होते, "काय वकील, पिशवी उतरवायचे दिवस आले की तुमचे!"

शेवटच्या होलवर दोघे बरोबरीत आले आणि अध्यक्षांचा चेंडू बंकरमध्ये पडला. त्यांची स्टिक मागे गेली, वाळूला चांगली घासली, आणि मग चेंडू उडाला तो थेट होलच्या झेंड्यापाशी. टाळ्या पडल्या.

पलीकडच्या काठावरून डॉक्टरांनी विचारलं, "स्टिक लागली का हो वाळूला?"

"छे! आपला वकील आहे ना इथे. त्यालाच विचारा," अध्यक्ष हसले.

डॉक्टरांच्या मागेच मुलगी उभी होती. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता.

"नाही लागली," तो म्हणाला.

डॉक्टरांनी लगेच मान डोलावली. वकिलाने सांगितलं म्हणजे विषय संपला. तेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

मंडळी झेंड्याकडे गेली. तो दाताळं घेऊन बंकरमध्ये उतरला आणि भराभर वाळू सारखी करू लागला. स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी मेली ती खुर्ची डोळ्यांपुढून हलत नव्हती. मुलगी काठाशी येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आता भांडेल, निदान रडेल तरी. तिने नुसतं बोट दाखवलं. चेंडूच्या जागेपासून हातभर मागे अध्यक्षांच्या स्टिकची रेघ तशीच होती.

"एवढी पुसायची राहिली, वकीलसाहेब."

आजवर तिच्या तोंडी बाबांशिवाय दुसरी हाक नव्हती. त्याने मान खाली घातली आणि रेघ पुसली.