दोन कासऱ्यांचं अंतर

खडकांचा धडा मी डोळे मिटून शिकवतो. पोरं त्यावरून माझी टिंगल करतात, करू देत. लातूरच्या ट्यूशन एरियात जिकडं बघावं तिकडं डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांच्या फोटोंचे फलक, आणि त्या गर्दीतून एका अरुंद जिन्यानं वर गेलं की आमचा स्पर्धा परीक्षांचा क्लास. तिथला भूगोलाचा फारूक सर म्हणजे मी, राहणार मूळ औसा. पोरांच्या लेखी माझा विषय चार मार्कांचा. 'सर, परीक्षेला येतं तेवढंच सांगा' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि मग मी मुद्दाम सावकाश सांगतो.

डोळे मिटले की हा सगळा मुलूख मला माणसांच्या आधीचा दिसतो. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यातून तापलेला रस वर येऊन पसरतोय. धडाका नाही, घाई नाही, नुसतं पसरणं. मग तो निवतो, काळा पडतो, आणि हजारो वर्षं काही म्हणजे काही होत नाही. पाऊस पडतो, दगडाची माती होते, गवत उगवतं, तळी साचतात, तळ्यांत बेडूक ओरडतात आणि ते ऐकायला कुणी नसतं. नंतर पुन्हा रस येतो. ते तळं, ते गवत तो पोटाखाली घेतो आणि माती भाजून लाल करून टाकतो. असे थरांवर थर. त्यातल्या सगळ्यात वरच्या थरावर आमचं लातूर, लातुरात आमची तीन मजली इमारत, आणि तिसऱ्या मजल्यावर कुरकुरणारा पंखा. मी डोळे उघडतो तेव्हा निम्मा वर्ग जांभया देत असतो.

तनुजा जांभया देत नसे. ती औश्यापलीकडच्या गोंदेवाडीहून रोज दोन बस बदलून यायची. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गोंदेवाडी जमीनदोस्त झालं, नवं गाव कोसभर लांब वसवलं, आणि त्या दोहोंच्या मधल्या काळात, पत्र्याच्या शेडमध्ये ही पोरगी जन्मली. वडील दगडोबा अलीकडेच वारलेले. घरी आई केवळाबाई एकटी. पोरगी हुशार होती, हे मी उगाच कुणालाही म्हणत नाही. पण दुपार कलली की तिची चुळबूळ सुरू व्हायची. शेवटचा तास बुडवून ती बस गाठायची, सराव परीक्षा चुकवायची. पावसाळ्यात एकदा जिन्यातच चक्कर येऊन पडली.

आमच्याकडे यावर एक ठरलेला तोडगा आहे. आई गावाकडचं घर बंद करते, गॅसची शेगडी आणि चार भांडी घेऊन लातुरात खोली करते आणि पोरगं पास होईपर्यंत त्याला रांधून घालते. आमच्या क्लासमागच्या गल्ल्याच्या गल्ल्या अशा आयांनी भरलेल्या आहेत. मी तनुजाला तेच सुचवलं.

"आय येत न्हाई सर," ती म्हणाली. "मीच क्लास सोडनार हाय."

का येत नाही, ते तिनं जिन्याच्या कठड्याला टेकून सांगितलं. तिच्या आधी एक बहीण होती, शिवगंगा. नुकती चालायला लागलेली. घरात सगळे तिला गंगी म्हणत. भूकंपात दगडामातीच्या भिंतीखाली गंगी गेली. लहान लेकरू म्हणून तिला अग्नी न देता पुरलं, जुन्या गावाच्या कडेला, स्वतःच्या वावरात. त्या दिवसांत गावाची ओळखच उरली नव्हती. गल्ली कुठली, दार कुठलं, काही कळत नव्हतं. उभी होती ती फक्त विहीर. म्हणून गोंदेवाडीच्या माणसांनी विहिरीच्या काठापासून बैलांचे कासरे लावून मापं घेतली. कुणी देव्हाऱ्याच्या जागेचं माप घेतलं, कुणी उंबऱ्याचं. दगडोबानं गंगीचं घेतलं, उगवतीच्या अंगाला दोन कासरे. वर खूण म्हणून धोंडा ठेवावा असं लोक म्हणाले, तर केवळाबाईनं ठेवू दिला नाही. दगडानंच नेली तिला, अजून तिच्या अंगावर दगड कशाला, म्हणाली. तेव्हापासून रोज दिवस मावळायच्या आधी ती तिथं जाऊन बसते, आणि वडील गेल्यापासून अंधाराआधी तिला घरी आणायचं काम तनुजाचं.

"आन् सर, एक सांगू का? रागवू नका," तनुजा म्हणाली. "आय म्हणती तुमी खोटं शिकवता."

मी रागावलोच. विचारलं, काय खोटं?

झालं होतं असं, की भूपट्टांचा धडा ऐकून तनुजानं घरी भाकरी खाता खाता सांगितलं, आपली जमीन उत्तरेकडे सरकतेय, वर्षाला दोन-तीन बोटं. भूकंपापासून गाव दोन-अडीच हात पुढं गेलं असेल. केवळाबाईनं हातातला घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती विहिरीवर गेली. दगडोबाचा कासरा तिनं जपून ठेवला होता, तो काठापासून लावला. दोन कासरे भरले आणि जागा जिथल्या तिथं सापडली. बोटभरही फरक नव्हता. तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगत सुटली होती, की लातूरचा मास्तर थापा मारतो.

भूगोलाच्या माणसाला असं म्हटलेलं सोसत नाही. त्या रविवारी मी तनुजाबरोबर गोंदेवाडीची बस पकडली. पोरीचा क्लास सुटू नये हे मनात होतंच, पण खरं सांगायचं तर मी भांडायलाच निघालो होतो.

थंडीचे दिवस, ऊन मऊ पडलेलं. जुन्या गावात आता बाभळी माजल्यात. मधूनच एखादं जोतं, फुटका रांजण, आणि त्यावर शेळ्या चरतात. हवा इतकी स्तब्ध होती, की आपण गावात आलो की कुणाच्या झोपेत शिरलो हे मला कळेना. केवळाबाई विहिरीच्या काठावर बसली होती. बारीक बांधा, डोक्यावर पदर, आणि चेहऱ्यावर चक्क आनंद.

"या सर," ती म्हणाली. "बगा मोजून. जाग्यावरच हाय माजी गंगी. कुटं गेली न्हाई."

तो आनंद बघून माझं भांडण निम्मं तिथंच मिटलं. ही बाई मला हरवायला बसली नव्हती. जमीन सरकते म्हटल्यावर तिला वाटलं होतं, लेकरू तिच्या हातून पुन्हा एकदा सुटून चाललंय. एक रात्र तिनं त्या धास्तीत काढली होती. मग कासऱ्यानं तिला सांगितलं, की नाही, आहे ती तिथंच आहे. मी खोटा ठरलो म्हणून ती सुखात होती. मनात आलं, राहू दे खोटा. गप्प उठावं आणि परत जावं. पण माझ्यामागं तनुजा उभी होती, आणि मी तसाच परत गेलो असतो तर ती पोरगी उद्यापासून क्लासला दिसली नसती.

मी काठावर टेकलो आणि विहिरीत वाकून बघितलं. पाणी खोल गेलेलं, उन्हाची तिरीप आतल्या कडेवर पडलेली. काळा दगड, त्याखाली गेरूसारखा लाल पट्टा, त्याखाली पुन्हा काळा. माझा सगळा धडा तिथं उघडा पडला होता.

"मावशी, तो लाल पट्टा दिसतो?"

"दिसतो की. नांदाय आले तवापासून बगते."

"ती माती आहे. कधीकाळी तिच्यावर गवत होतं, ऊन होतं. वरून तापलेला रस आला आणि ती भाजून निघाली. तो रस म्हणजे हा वरचा काळा दगड."

ती वाकून बघत राहिली. मीही बघत राहिलो. खालून गार वारा येत होता, आणि मला वाटलं त्या लाल पट्ट्यावरचं गवत आत्ताही हलतंय, आपल्याला दिसत नाही एवढंच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वर्गात असं कधी होत नाही, तिथं घंटा होते.

"मग हे हाललं कामून?" तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

हा प्रश्न मी भूकंपानंतर औश्यात, दहावीत असताना, रस्त्यावर उघड्यावर झोपून विचारला होता. मोठी माणसं म्हणत होती, पाप वाढलं म्हणून. मला तेव्हा फार राग आला होता. रांगत्या लेकरांचं कसलं पाप? त्या रागापायी मी भूगोल घेतला. मी तिला सांगितलं, की आपला हा सगळा मुलूख म्हणजे एकच प्रचंड फरशी आहे. ती उत्तरेकडे चाललीय, आणि तिकडं दुसरी फरशी आडवी आहे. दोघींच्या रेटारेटीत हिमालय वर आला. तो रेटा फरशीभर पसरतो, इथवर पोचतो. या काळ्या दगडाच्या खाली त्याहून जुना खडक आहे, त्यात कुठं जुनी चीर होती. रेटा सोसता सोसला आणि एके दिवशी ती चीर घसरली.

"तो खालचा दगड कुनी बघितलाय का?"

"मी बघितलाय. माझ्या बायकोचं, शबानाचं माहेर बिलोलीचं. त्या बाजूला गेलं की काळा दगड संपतो आणि खालचा जुना वर दिसायला लागतो. गुलाबी, गोल गोल धोंडे, माळावर निवांत पडलेले. बस तिथं आली की मी खिडकीकडं सरकतो. सासुरवाडीत दुपारी सगळे झोपले की जाऊन त्यावर बसतो."

"राग येत न्हाई त्याचा?"

"आधी यायचा. आता त्याच्यावर ऊन पडलेलं बघितलं की येत नाही. त्याला ठाऊकच नाही मावशी, आपण वर राहतो ते."

बाभळीत होले घुमत होते. मग मी जे सांगायला आलो होतो ते सांगून टाकलं. म्हटलं, तुमचं माप बरोबर आहे. पण माझंही खोटं नाही. गंगी सरकली, पण तिच्याबरोबर विहीरही सरकली. बाभळी सरकल्या, शेळ्या सरकल्या, तुम्ही सरकलात, मी सरकलो. सगळे सारखेच. बसमधली सगळी माणसं पुढं जातात, म्हणून कुणी कुणापासून लांब जातं का?

केवळाबाईचा चेहरा उतरला. मला वाटलं, घात केला. तनुजा पुढं आली, पण आईनं तिला हातानं थांबवलं.

"म्हंजी नवं गाव बी चाललंय?"

"हो."

"औसा?"

"औसाही."

ती थांबली. पुढचा प्रश्न तिच्या ओठावर आलेला मला दिसत होता, आणि तो मीच बोलून टाकावा असा मोह होत होता. मी जीभ आवरली.

"लातूर बी?"

"लातूरही. याच फरशीवर, याच वेगानं, याच बाजूला."

"मदी चीर पडून इकडलं इकडं, तिकडलं तिकडं होनार न्हाई?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. "कधीच नाही असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "त्या भूकंपात पलीकडं एका वावरात जमीन हातभर उचलली गेली होती. पण मुलूख तुटला नाही. लातूर आणि तुमचं हे वावर भूकंपाआधी जेवढ्या अंतरावर होतं, तेवढ्याच अंतरावर आहे. आपल्या आयुष्यात तरी तेवढंच राहील. हे मी पुस्तकातलं सांगतोय, पण माझा त्यावर विश्वास आहे."

तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं. मग ती उठली, उगवतीच्या बाजूला गेली आणि काहीच खूण नसलेल्या त्या जागेवर, वाळल्या गवतात, मांडी घालून बसली. आम्ही ऐकतोय याची तिनं अजिबात भीड धरली नाही.

"गंगे," ती म्हणाली, "तनीच्या शिक्षनासाठी लातूरला राहाया चालले मी. तू घाबरू नको. जमीन चाललीया म्हनत्यात. तू बी चाललीस, मी बी चालले. एका दगडावर हावोत आपन. मी फुडं जात न्हाई, आन् तू मागं राहत न्हाईस."

तनुजा रडत होती. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. केवळाबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी उठली, लुगड्याला लागलेलं गवत झटकलं आणि लेकीला म्हणाली, "खोली तळमजल्याची बघ, जमिनीला लागून. वरची नगं."