गरुडाच्या शेपटीखालची अक्षरं

वाळलेले कपडे आत आणायला सुरुचीने मागच्या दाराची कडी काढली, तोच दार बाहेरून धाडकन आत आलं आणि तिच्या कपाळावर आदळलं. ती भुईवर पडली. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरलं. सावरून बघते तो समोर काळा मास्क घातलेला माणूस, हातात हातोडा.

"सेफ," तो कुजबुजला.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावाच्या त्या टोकाला घरं लांब लांब. ओरडून उपयोग नव्हता. नवरा, निनाद, कामाच्या साइटवर गेलेला. सुरुची उठेना, तेव्हा त्याने तिच्या पोटात लाथ घातली, केसांना धरून उभं केलं आणि स्टडीकडे फरपटत नेलं.

सुरुची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट. तिला नाद होता तो एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सोन्याच्या नाण्यांचा. कार्सन सिटीच्या टाकसाळीतलं वीस डॉलरचं एक दुर्मीळ नाणं तिने गेल्याच महिन्यात लिलावात मिळवलं होतं. नाणं बघायला तिच्या कॉइन क्लबातली सगळी मंडळी घरी येऊन गेली होती.

ती सेफचे आकडे दाबू लागली. एक आकडा चुकला, तसा हातोडा तिच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. दुसऱ्या हाताने तिने सेफ उघडली.

बाकीची नाणी त्याने डबीसकट पिशवीत ओतली. कार्सन सिटीचं ते एक मात्र बाहेर काढलं. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, फक्त कडेने धरलं. खिडकीच्या उजेडात तिरपं करून नाण्यावरच्या गरुडाच्या शेपटीखालची, टाकसाळीची खूण असलेली इवलीशी दोन अक्षरं बघितली, आणि क्षणभर श्वास रोखला.

नाणं असं धरायला सुरुचीला एकाच माणसाने शिकवलं होतं. क्लबातला सगळ्यात जुना जाणकार, तिच्या हातची पोळी-भाजी आवडीने खाणारा, लिलावात या नाण्यासाठी तिच्याशी शेवटपर्यंत लढलेला.

"कॉलिन?"

नाव तोंडातून निसटलं आणि आपण काय करून बसलो ते तिला उमगलं.

त्याने नाणं खिशात घातलं. मास्क काढला. चेहरा घामाने निथळत होता.

"तू बोलायला नको होतंस, सुरुची," तो म्हणाला. आवाजात खरोखरचं वाईट वाटणं होतं, आणि तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

त्याने तिला टेबलावर आडवं पाडलं आणि दोन्ही हातांनी गळा आवळला. तिने चावा घेतला, गुडघे मारले, पण पकड सुटेना. नजरेपुढे काळोख दाटायला लागला तेव्हा उजव्या हाताला नाणी तपासायचा मायक्रोस्कोप लागला. लोखंडी बैठकीचा, जड. तिने तो मुठीत धरून त्याच्या तोंडावर हाणला. गालफड फुटलं. तो मागे झाला. दुसरा घाव डोळ्यावर बसला आणि तो गुडघ्यांवर कोसळून आडवा झाला.

तो विव्हळत होता, हात वर करून "नो" म्हणत होता. सुरुचीने डोक्यात तिसरा घाव घातला.

मग तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मोडका हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने टॉवेल त्याच्या डोक्याला दाबून धरला.

जबाब घेणारी डिटेक्टिव्ह समजूतदार होती. "तिसऱ्यांदा मारलंस तेव्हा तो उठत होता ना?"

"नाही. पडला होता."

जबाब देऊन ती बाहेर आल्यावर निनाद चिडला. "अगं, हो म्हणायचं होतंस. कोण बघायला आलं होतं?"

"मी होते ना तिथे."

त्या तिसऱ्या घावाबद्दल तिच्यावर खटला भरायचा की नाही याचा निकाल लागेपर्यंत ती रात्र रात्र जागी असायची. अखेर भरला नाही. कॉलिनचा डावा डोळा गेला. त्याला तुरुंगवास झाला.

पुढे एकदा सुपरमार्केटच्या रांगेत कॉलिनची बायको लिन अगदी तिच्या पुढेच उभी दिसली. सुरुचीला निघून जावंसं वाटलं. लिननेच वळून पाहिलं.

"त्याने तुला मारून टाकलं असतं?"

"हो."

"आणि तू?"

सुरुचीने तिच्या नजरेला नजर दिली. "मीही मारून टाकलं असतं."

लिनने मान डोलावली, पाव आणि दूध काउंटरच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवलं आणि सुरुचीच्या सामानाला जागा व्हावी म्हणून ते थोडं पुढे सरकवलं.