बिनटिंबाचे वर्तुळ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. अभ्यास न करणाऱ्या मुलाला मोठी माणसे रागाने ‘दगड’ म्हणतात, तसा नव्हे. खराखुरा, काळा, गुडघाभर उंचीचा. कराडजवळच्या एका डोंगरमाथ्यावर दोन वाटा फुटतात, तिथे मी बसलेला असतो. डावी वाट खाली गावाकडे जाते. उजवी थोडी पुढे जाऊन घळीच्या काठावर संपते.

केरबा नावाच्या पाथरवटाने मला पाट्यासाठी घडवायला घेतले होते. एक बाजू छान सपाट केली आणि मग त्याला माझ्यातली चीर दिसली. “कुणाच्या घरात जायचं तुझ्या नशिबी न्हाई गड्या,” असे म्हणून तो मला तिथेच ठेवून गेला.

पुढे, सत्तर सालच्या सुमारास, दर हिवाळ्यात स्काउटांचे शिबिर इथे येऊ लागले. पथक सांभाळायला शिकणाऱ्यांचे ते शिबिर. सातारा-सांगलीकडचे शिक्षक, निवृत्त जवान आणि सोळा-सतरा वर्षांची मुले, सगळे एकाच संघात. रोज एक जण पुढारी व्हायचा आणि बाकीच्यांनी, मग ते वयाने कितीही मोठे असोत, त्याचे ऐकायचे. वाटेवर चुन्याने काढलेल्या बाणांच्या मागाने चालायचे. माझी सपाट बाजू शेवटच्या खुणेसाठी निवडली होती. एक वर्तुळ आणि मधोमध टिंब. तिचा अर्थ, ‘सगळे घरी गेलो.’ पुढाऱ्याने सर्वांना मोजायचे, मगच ती खूण काढायची आणि खालच्या वाटेवरचे बाण पुसत उतरायचे.

“हा दगड कधी खोटं बोलत नाही,” असे शिबिरप्रमुख सांगत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

१९७३ चा डिसेंबर होता. शिबिरात कवठे महांकाळकडचे नाथाजी नावाचे निवृत्त हवालदार होते. लढाईत त्यांच्या पायाला गोळी लागली होती. चारचौघांत ते ताठ चालत, एकटे असले की काठीवर भार देऊन पाय ओढत. आदल्या दिवशी माझ्यावर बसून त्यांनी बराच वेळ गुडघा चोळला. ते फक्त मीच पाहिले.

त्या सकाळी नदीवरून चढलेले धुके इतके दाट होते की मला माझ्या पायथ्याचे गवत दिसेना. त्या दिवशीचा पुढारी होता सोळा वर्षांचा धनाजी. एकेक जण धुक्यातून येऊन माझ्यापाशी थांबला. धनाजीने मोजले आणि आपल्याच शाळेच्या मुख्याध्यापकांकडे, लालासाहेबांकडे पाहिले.

“गुरुजी, सातच भरत्यात. नाथाजीतात्या न्हाईत.”

“अरे, फौजी गडी तो! आपल्या आधी खाली पोचून चहाचा दुसरा कप घेत असेल. काढ खूण, सगळे गारठलेत.”

“पन एक कमी असताना...”

“मी सांगतोय ना, धनाजी?”

त्या दिवशी लालासाहेबांनी धनाजीचे ऐकायचे होते. पण ज्यांच्यापुढे तो इतकी वर्षे हात बांधून उभा राहिला होता, त्यांना ‘नाही’ म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. त्याने चुन्यात बोट बुडवले. वर्तुळ नीट आले. टिंब देताना मात्र त्याची नजर मागच्या वाटेकडे गेली आणि ते कडेला पडले.

पावले खाली विरली. बाण पुसले गेले.

थोड्या वेळाने काठीची टकटक ऐकू आली. नाथाजींनी माझ्यावर हात टेकला, वाकून खूण पाहिली.

“गेली व्हय समदी? बरं झालं. उगं माझ्यापायी थंडीत उभी ऱ्हायली असती.”

त्यांच्या खिशात शिट्टी होती. ती त्यांनी वाजवली नाही. सगळे घरी गेल्यावर वाजवायची कुणासाठी? त्यांनी बाण शोधले, सापडले नाहीत. मग काठी टेकत ते उजवीकडे वळले.

मित्रांनो, दगडाला तोंड नसते. माणसांनी मला एकच शब्द बोलायला शिकवला होता आणि त्या दिवशी तो खोटा होता.

दुपारी धुके फाटले तेव्हा ते घळीत सापडले. खाकी सदऱ्यांची झोळी करून त्यांना माझ्यासमोरूनच खाली नेले. झोळी धरणाऱ्यांत धनाजीही होता.

फाल्गुनात लालासाहेब एकटेच आले. बोटे सोलवटेपर्यंत काथ्याने मला घासत बसले. चुना निघाला. पण धुके दाटले की ते कडेचे टिंब माझ्या अंगावर पुन्हा ओलसर पांढरे उमटायचे. मागच्या वाटेने टकटक यायची. माझ्यापाशी थांबायची. मग उजवीकडे वळायची. पाच वर्षे शिबिर आले नाही, गुराखी मला टाळून जाऊ लागले, आणि मी एकटाच ती टकटक ऐकत राहिलो.

१९७९ साली शिबिर पुन्हा आले. शिकवायला धनाजी होता. त्या वर्षी मुली आणि बायकाही होत्या आणि पुढारी होती सतरा वर्षांची अंजना. तिने मोजले. एक कमी.

“चल गं, येतील मागनं,” एक वयस्क गुरुजी म्हणाले.

“न्हाई सर. अंबूबाई यायच्या हायत. त्या आल्याबिगर मी हलनार न्हाई.”

“पोरगी लय हट्टी हाय!” गुरुजी कुरकुरले.

“व्हय, हाय,” अंजना म्हणाली आणि माझ्यावर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने बालवाडीच्या अंबूबाई धापा टाकत आल्या. “आवं, माझी चप्पल तुटली! आन् तुमी समदी अजून हितंच?”

सगळे हसले. धनाजी हसला नाही. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. अंजनाने वर्तुळ काढले. टिंबासाठी बोट उचलले, तेव्हा धनाजीने तिला थांबवले.

“टिंब नको.”

“का, सर? समदी आली की.”

त्याने मागच्या वाटेकडे पाहिले. “ह्या दगडावर नको. आपलं एक मानूस अजून यायचं हाय.”

मित्रांनो, उद्या तुमच्या मागून चार माणसे चालू लागतील. तेव्हा मागे वळून मोजा. एक जरी कमी भरला, तर मोठ्यांनी ‘चल’ म्हटले तरी थांबा. सर्वांत मागे राहणारा बहुधा आपले दुखणे सांगत नाही.

त्या दिवसापासून माझ्यावर नुसते वर्तुळ काढतात. धुक्यात ते कडेचे टिंब आता उमटत नाही, टकटक मात्र अजून येते. एक गार हात माझ्यावर टेकतो, वर्तुळात बोटाने चाचपतो. टिंब लागत नाही.

मग काठी माझ्या अंगाला टेकवून कुणीतरी शेजारी बसते. उजवीकडे वळत नाही.