भाया नाव घेत नसतो

"ही चार पानं काढा, मॅडम. बाकी निबंध झकास आहे," प्राचार्य म्हणाले.

पुढारी मतदारांशी कसे बोलतात, याच अभ्यासात राजेश्रीची सोळा वर्षं गेली होती. आधी सभा आणि भोंगे, मग मोबाइल, आता यंत्राने बनवलेले आवाज. उद्या चर्चासत्रात तिला निबंध वाचायचा होता, आणि तिच्या बढतीचा कागद संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीसाठी पडून होता.

त्या चार पानांत मानवतकडच्या एका गावची ऊसतोड टोळी होती. मुकादम आसाराम मतदानासाठी पुढे गावी आला होता, टोळी मागून निघणार होती. आदल्या दिवशी फडात प्रत्येकाला आसारामच्या आवाजात फोन आला : मतदान पुढं ढकललंय, येऊ नका. आसारामने फोन केलाच नव्हता. पण मुकादमाला उलटं कोण विचारतं? अठ्ठेचाळीस माणसं फडातच राहिली आणि अध्यक्षांचा पुतण्या एकतीस मतांनी निवडून आला.

"पुरावा काय? एका कोयतेवालीचं म्हणणं?"

"दगडाबाई आसारामच्या धाकट्या भावाची बायको आहे, सर. भाया, म्हणजे थोरला दीर, भावजयीचं नाव घेत नसतो. तीस वर्षांत त्याने घेतलेलं नाही. फोनवरचा आवाज मात्र 'दगडाबाई' म्हणाला. ती तिथेच ओळखून चुकली. बाकीचे हसले. ती एकटी एसटीने आली आणि मत देऊन गेली."

"लोक इथंही हसतील, मॅडम. सही तेवढी होऊ द्या, मग लिहा काय ते."

हसण्याची भीती तिलाही होतीच. संध्याकाळी राजेश्री, हंगाम संपवून गावी परतलेल्या दगडाबाईच्या दारात जाऊन बसली.

"मावशी, निबंधात तुमचं नाव बदलते. आमच्यात तशी रीत आहे. उगाच तुम्हाला त्रास नको."

"का बरं? मी काय चोरी केली व्हय?"

"मोठी माणसं आहेत ती."

"असतेत की. कोयता तर माझ्याच हातात हाय." दगडाबाईने ज्वारी पाखडायचं थांबवलं नाही. "लय भेतीस बाई तू, एवढी शिकून. त्या मशिनीनं घेतलं माझं नाव, मंग तुला घ्यायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. राजेश्रीने ती चार पानं सगळ्यांत वर घेतली आणि दगडाबाईच्या नावापासूनच सुरुवात केली. फोन कोणी करवला ते मला ठाऊक नाही, असं तिने सरळ सांगितलं. कोण किती मतांनी आलं तेही सांगितलं.

मागे कुणीतरी हसलं. मग प्राचार्यांची चिठ्ठी आली : आटोपतं घ्या.

तिने चिठ्ठी वाचली, कागदांखाली सरकवली आणि मतांच्या फरकाचं वाक्य पुन्हा एकदा, सावकाश वाचलं.