पॅनेल बदललं, वॉचमन बदलले

कागलजवळच्या एका साखर कारखान्याची शहाण्णव साली निवडणूक झाली आणि वर्षानुवर्षं चेअरमन असलेल्या आण्णांचं पॅनेल पडलं. रस्त्यावरचा गुलाल पुसला जायच्या आत नवे चेअरमन बाळासो यांनी गेटवरचे सगळे वॉचमन घरी बसवले.

मल्लाप्पाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो सकाळी नेहमीसारखा ड्युटीवर गेला, तर गेटवर कोऱ्या गणवेशात एक तरणा माणूस उभा.

"पावणं, तुमास्नी आत सोडू नगं म्हणून सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला. त्याचं नाव प्रसेनजीत.

मल्लाप्पा गेटबाहेरच थांबून राहिला. बाळासोंची गाडी आली तसा आडवा गेला.

"सायेब, माझं चुकलं काय?"

"चुकलं काय न्हाय. पण तू आण्णाचा माणूस."

"मी वॉचमन हाय. आण्णांनी गेट लाव म्हटलं, लावलं. तुम्ही म्हटलं तर त्यांनाबी लावीन की."

बाळासोंनी काच वर केली.

मग तो आण्णांकडं गेला. आण्णा झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. "दम धर. पुढच्या इलेक्शनला बघू," म्हणाले.

"पुढचं इलेक्शन पाच वर्सांनी. तवर चुलीवर काय ठेवू, आण्णांचा फोटो?" रत्नव्वा घरी फणकारली. नवऱ्याच्या मालकांवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

बाकीचे वॉचमन आण्णांच्या भरवशावर बसले. मल्लाप्पानं कोल्हापुरात कामगार कोर्टात केस घातली. एरवी मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायच्या आणि तारखेला कोर्टात जायचं. कधी कारखान्याचा वकील आजारी, कधी कोर्टाला सुट्टी, कधी नुसतीच पुढची तारीख. एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारायला लागला, "आज तरी उभं केलं का?"

एकदाचं त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं. कारखान्याच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही निवडणुकीत आण्णांचंच काम केलं, मतही त्यांनाच दिलं. खरं की नाही?"

"मत कुठनं देऊ? मी सभासदच न्हाय," मल्लाप्पा वैतागून म्हणाला. "माझ्या नावावर ऊस न्हाय, रान न्हाय. नोकरी तेवढी हुती, ती तुम्ही घेतली."

निकाल त्याच्या बाजूनं लागला. चेअरमन बदलले म्हणून कायम कामगाराला चौकशीशिवाय काढता येत नाही, असं कोर्टानं सांगितलं. मल्लाप्पा परत गेटवर आला. शेजारी प्रसेनजीत होताच, तोही एव्हाना कायम झालेला. सुरुवातीला दोघं एकमेकांशी बोलत नसत. पण आठ तास एका गेटवर काढायचे म्हटल्यावर किती दिवस गप्प बसणार? हळूहळू दोघांचे डबे एकत्र सुटायला लागले.

पुढच्याच निवडणुकीत आण्णा परत आले. मिरवणूक गेटपाशी थांबवून ते गाडीतनं उतरले आणि मल्लाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता आपलं राज्य. बाळासोनं भरलेली माणसं उद्यापासनं आत सोडायची न्हाईत." त्यांनी प्रसेनजीतकडं बोट केलं. "हा पयला."

मल्लाप्पाला हसावं की रडावं कळेना. "ह्याची चौकशी झाली?"

"कसली चौकशी? तू आमचा माणूस न्हवं?"

"मी कुणाचा न्हाय, आण्णा. तेच सांगत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता परत तुम्हाला सांगू?"

आण्णांनी खांद्यावरचा हात काढला. प्रसेनजीतचं काम गेलं. मल्लाप्पाला काढता येत नव्हतं, म्हणून त्याची ड्युटी मागच्या बाजूला, गाळलेल्या उसाच्या भुशाच्या ढिगाऱ्यावर लावली.

रजा टाकून तो प्रसेनजीतला आपल्या वकिलाकडं घेऊन गेला. एसटीत प्रसेनजीत म्हणाला, "तुमची नोकरी मी घेतलीती, काका. तरी तुम्ही माझ्यासाठी येताय."

"तू कुठं घेतलीस? त्यांनी दिली, त्यांनीच काढली. तुला न्हाय सोडवला तर पुढच्या येळी परत माझा नंबर हाय."

आधीचा निकाल हाताशी होता, त्यामुळं कारखान्यानं फार ताणलं नाही. हंगाम संपायच्या आत प्रसेनजीत कामावर आला. तेव्हापासनं वॉचमनला हात लावायच्या आधी संचालक वकिलाला विचारायला लागले.

मल्लाप्पाला मात्र गेट परत मिळालं नाही. निवृत्त होईपर्यंत तो भुशावरच राहिला. संध्याकाळी भुशाच्या धुळीनं डोळे लाल करून घरी यायचा आणि दोन्ही पॅनेलना एकाच दमात शिव्या द्यायचा. रत्नव्वा पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि म्हणायची, "आधी तोंड धुवा."