सहाव्या टेबलावरची बाही

तुरुंगातून सुटून तीन आठवडे झाले होते, पण दाराला स्वतः हात लावायची सवय काही त्याला परत लागली नव्हती. मदत केंद्राचं दार नुसतं लोटलेलं होतं, तरी हा बाहेर चांगली पाच मिनिटं उभा, कोणीतरी येऊन उघडेल म्हणून. शेवटी आतून आवाज आला, "अहो, दार उघडंच आहे! या की."

आत टेबलामागे चष्म्याला दोरी बांधलेल्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि "बसा" म्हणाल्या. आठ वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. तो खुर्चीच्या टोकावर, पडू की नको अशा बेतानं टेकला.

खाली लाँड्री होती, तिची ऊब फरशीतून वर येत होती. भिंतीवर केंद्र काय काय देतं त्याची यादी होती. शिलाई मशीन, सुताराची हत्यारं, खोलीचं सहा महिन्यांचं भाडं. कोणाला? शिक्षा भोगून आलेल्यांना. त्यानं ती यादी दोनदा वाचली. चोराला शिक्षा देतात हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. शिक्षा संपल्यावर मशीन देतात हे त्याच्या गावीही नव्हतं. कोण असतील ही माणसं, आपलं काय देणं लागतात, हे त्याला काही केल्या उमगेना.

त्याचा गुन्हा सांगायचा तर एका गोदामाचं फाटक त्यानं चोरट्यांना आतून उघडून दिलं होतं. त्या धुमश्चक्रीत रखवालदाराचा हात मोडला. पुढे तुरुंगाच्या कारखान्यात त्याला शिवणकामाला लावलं, आणि तिथे शिवायचे काय, तर रखवालदारांचे शर्ट! दैवाला असले टोमणे बरोबर सुचतात.

आता तो ताईकडे राहत होता, स्वयंपाकघरात पथारी टाकून. भावोजी तसे वाईट नव्हते. फक्त रोज सकाळी कामावर जाताना कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघायचे, तेही याच्या देखत. महिनाअखेरपर्यंतची मुदत त्यांनी दिली होती. मशीन आणि खोली मिळाली तर ठीक, नाहीतर पुलाखाली. ताई बिचारी दोन्हीकडून भरडली जात होती, आणि त्याला कुलपापेक्षा ते जास्त लागायचं.

"हा रकाना मोकळा का?" मॅडमनी अर्जावर पेन टेकवलं. रकान्यात लिहिलं होतं, 'तुमचं काम जाणणारी एक व्यक्ती. नातेवाईक चालणार नाहीत.'

"कोणी नाही, मॅडम. जुन्या मालकांनी दार लावून घेतलं. कारखान्याचे साहेब बदलून गेले, कुठे ते कोणी सांगत नाही."

"त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही हो. चार वाजेपर्यंत कोणी आठवतंय का बघा. तोवर काम करून दाखवा. आमच्याकडे दाखल्यावर भागत नाही, आमच्या डोळ्यांदेखत एक अख्खा शर्ट शिवावा लागतो."

तुरुंगाच्या दाखल्यावर तर झोकात लिहिलं होतं, 'शिवणकाम, सात वर्षे, उत्तम.'

आतल्या खोलीत मशीनपाशी परीक्षक बाई होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, ब्लाउजला टाचण्या टोचलेल्या. बाजारात त्यांचं काजं-बटणांचं दुकान होतं आणि महिन्यातून एक दिवस त्या इथे येऊन बसत. त्यांनी बेतून ठेवलेल्या तुकड्यांची गुंडाळी त्याच्यापुढे टाकली. "तोंडानं काय ते सांगेन, हात लावणार नाही. इथला नियम आहे. करा सुरू."

त्यानं गुंडाळीतून डावी बाही बरोबर उचलली. मनगटापाशी जी चीर असते तिची पट्टी, तिचं टोक, मग बाहीची शिवण. मशीन एका दमात धावलं. सहा मिनिटांत बाही तयार, दोरा कापलेला, सुरकुती नाही. ती त्यानं डाव्या हाताला नीट घडी करून ठेवली, मांडीवर हात ठेवले आणि वाट बघत बसला.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पुढची बाही..." एवढं तो बोलला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

कारण पुढची बाही येणार नव्हती. कारखान्यात दहा टेबलं होती. पहिल्यावर खिसा, चौथ्यावर कॉलर, सहाव्यावर डावी बाही. सात वर्षं तो सहाव्या टेबलावर होता. माणूस उजवा, पण सगळे त्याला 'डावा' म्हणत ते त्यामुळेच. दहाव्या टेबलावरून अर्धवट शर्टांची टोपली भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे जायची आणि संपलं. या सात वर्षांत एक अख्खा शर्ट त्यानं शिवला नव्हता, आणि कमाल म्हणजे ही गोष्ट त्याच्या आत्ता, या मिनिटाला लक्षात आली! खोटं तो बोललाच नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की आपण शिंपी आहोत.

त्यानं घाईनं उजव्या बाहीचा तुकडा ओढला आणि तिलाही सवयीनं डाव्यासारखीच पट्टी लावली. आता दोन्ही डाव्या. दोन डाव्या हातांचा माणूस सापडला तरच हा शर्ट उपयोगाचा होता. तो उठला. "मला शर्ट येत नाही, बाई. नुसती बाही येते. डावी. तुमचा वेळ खाल्ला, माफ करा."

बाई हसल्या नाहीत. त्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. पहिली बाही त्यांनी उजेडाला धरली होती आणि पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवत होत्या. एकदा, दोनदा. मग चष्मा वर करून पुन्हा.

"हे तीन उलटे टाके," त्या म्हणाल्या. "कोणी शिकवले?"

"कोणी नाही. तिथे दोनच घालायचे असतात. पण रखवालदार फाटक ओढतो, दिवसभर. बाही तिथेच उसवते. म्हणून मी एक जास्त घालायचो."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "त्या खिडकीच्या पलीकडे कोण होतं, माहीत आहे?"

"बायकांचा विभाग. काजं करायच्या म्हणे."

"कफाची काजं मी करायचे. नऊ वर्षं, तीन वर्षांपूर्वी सुटेपर्यंत. तुमची पट्टी आणि माझं काज, मध्ये बोटभर अंतर." त्यांनी ते अंतर बाहीवर बोटानं दाखवलं. "बाकी माल कसाही यायचा, उसवलेला, तिरका. ही बाही कधी उसवली नाही. आम्ही म्हणायचो, तिकडे एकजण अजून माणसात आहे. मग एका पावसाळ्यात तीन टाके बंद झाले. दोनच यायला लागले. पंधरा दिवस."

"मला ताप होता," तो म्हणाला. "इस्पितळात होतो. वाचेन असं वाटत नव्हतं."

"आम्हाला काय कळणार? गेला म्हणाल्या सगळ्या. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, खरं सांगते. आणि सोळाव्या दिवशी टोपली आली, वरच्याच शर्टाला तीन टाके! मी ओरडले, 'आला गं बाई, आला!' पहारेकरणीनं दम दिला मला."

तापातून उठून तो सहाव्या टेबलावर परतला त्या दिवशी कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. या जगात आपण असलो काय, नसलो काय, असं वाटून त्या दिवशी तो बाहीवर बाही शिवत राहिला होता. आणि भिंतीपलीकडे एक बाई त्याच्या नावानं आनंदानं ओरडली होती, नाव माहीत नसताना. एवढं मोठं काही आपल्या वाट्याला आलं होतं आणि आपल्याला पत्ताही नव्हता! तो बाहीकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"रडणं मागाहून," बाई एकदम परीक्षक झाल्या. "चारला शर्ट हवा. ती दुसरी बाही उसवा आधी. मी सांगते तसं करा."

नियमाप्रमाणे त्यांनी हात लावला नाही, पण तोंड क्षणभर मिटलं नाही. "खांदा आधी. अहो, उलटा धरलाय! कॉलर ओढू नका, कॉलर म्हणजे कान नव्हे." दुपार कशी गेली कळलं नाही. बाह्या खांद्यांना जोडल्या आणि त्या तुकड्यांना अचानक छाती आली, पाठ आली. त्याचे हात थबकले. सात वर्षं आपण याचाच एक भाग शिवत होतो तर! शेवटी कफाची काजं. ती शिकवताना मात्र बाईंचा आवाज खाली आला.

चारला पाच मिनिटं कमी असताना मॅडमनी शर्ट उलटसुलट पाहिला. "कॉलर वाकडी आहे."

"आहे," बाई म्हणाल्या. "दोन महिने माझ्या दुकानात बसेल, सरळ होईल. मशीन द्या."

"मी देईन हो. पण रकाना?"

बाईंनी अर्ज ओढला आणि मोकळ्या रकान्यात स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता लिहिला. खाली प्रश्न होता, 'अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता?' तिथे त्यांनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, 'सात.'

मग पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"आणि हो," त्या म्हणाल्या, "तुमचं नाव काय?"

त्यानं खुर्ची मागे सारली, उभा राहिला आणि आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, अख्खं.