वरातीच्या घोड्यांची फौज

आमच्या अंबडच्या स्वार मंडळात खरेपणाचा सगळ्यांत जास्त आग्रह अध्यक्ष साहेबरावांचा. दर दसऱ्याला आम्ही शेतकरी माणसं अंगरखे चढवून जुन्या काळचं घोडदळ उभं करायचो. एखाद्याच्या मनगटावर घड्याळ राहिलं, तर साहेबराव त्याला रांगेतून बाहेर काढायचे. नव्या सभासदाची शपथही त्यांनीच बांधलेली. घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणायचं, 'जे झालं न्हाई, ते झालं म्हणून दाखवणार न्हाई.' मग अध्यक्षानं तेच परत म्हणायचं.

फक्त घोड्यांच्या बाबतीत ते फार खोलात जात नसत. घोड्या धुळाजीच्या. लग्नसराईभर त्या हसनाबादेपासून आष्टीपर्यंत नवरदेव वाहायच्या आणि दसऱ्याला आमच्याकडं लढाईला यायच्या.

सत्त्याण्णव साली हॉलंडहून पीटर आणि हन्ना हे जोडपं आलं. त्यांच्या देशात असंच एक पथक होतं आणि त्यांना आमचं सभासद व्हायचं होतं. साहेबरावांचा पाय जमिनीला लागेना. परदेशी पाहुण्यांनी आपल्याला खरं घोडदळ मानावं, एवढंच त्यांना हवं होतं. कसर नको म्हणून स्वागताला बँड सांगितला, तोही त्यांनीच. धुळाजीलाही त्यात वावगं दिसलं नाही. आपल्या घोड्या बँडशिवाय चालतात, याचंच त्याला दरवर्षी नवल वाटायचं.

पाहुणे मैदानाच्या कडेला खुर्च्यांवर बसले. साहेबरावांनी तलवार उपसली, आम्ही भाले पुढं करून टाचा मारल्या आणि घोड्या सुटल्या. बँडवाल्यांना वाटलं, हीच वेळ. पहिला ठोका पडला आणि सगळी फौज जागच्या जागी नाचायला लागली. साहेबरावांची घोडी सगळ्यांत सराईत. ती मागच्या पायांवर उभी राहून गोल फिरली. बघ्यांतल्या म्हाताऱ्या कडूबानं सवयीनं पुढं येऊन तिच्यावरून नोट ओवाळली. ती आणखीच नाचली.

आम्ही सगळ्यांनी मिळेल तिकडं बघितलं, फक्त खुर्च्यांकडं नाही. अंबडची माणसं असून कोणाला हसू आलं नाही, यावरून काय ते समजा.

हन्नाबाई मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. साहेबरावांची पुतणी इंद्रायणी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून ती दुभाषी. ती जवळ आली.

"काका, त्या विचारून राह्यल्या, हल्ल्याआधी घोडी नाचवायची चाल जुनी हाय का?"

साहेबरावांनी घाम पुसला. "हां म्हणून सांग. दुश्मनाला भुलवायला नाचवायचे."

इंद्रायणीनं सांगितलं, पण तिचे कान लाल झाले. पीटरनं वही काढली आणि नोट ओवाळण्याचंही कारण विचारलं. दृष्ट काढतात, साहेबराव म्हणाले. आम्ही सगळे ऐकत होतो. एकानंही खाकरून दाखवलं नाही. ही चाल शिकून आपल्या पथकातही सुरू करायची, असं त्या दोघांनी तिथंच ठरवलं.

मग शपथ. साहेबरावांनी दोघांना फेटे बांधले. पीटरचा मध्येच सुटला, तो पुन्हा बांधला. हन्नाबाईंनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. मंडळानं पत्रातून पाठवलेलं वाक्य त्यांनी घरूनच पाठ करून आणलं होतं. एकेक शब्द अंडं ठेवावं तसा जपून ठेवत म्हणाल्या, "जे झालं न्हाई, ते झालं म्हणून, दाखवणार न्हाई."

आणि साहेबरावांकडं बघत थांबल्या.

साहेबरावांनी हात ठेवला. 'जे झालं न्हाई,' एवढं म्हणून तो काढून घेतला. बँडवाले चहाला गेले होते, त्यामुळं घोडी निमूट उभी होती.

"इंद्रायणी," घोडीच्या आयाळीकडंच बघत ते म्हणाले, "ह्या वरातीच्या घोड्या हायत म्हणून सांग. तशी चालबिल बिलकुल न्हाई. मी खोटं बोललो."

"सगळं सांगू, काका?"

"सगळं. नोटेचं बी."

ती सांगत होती, तोवर साहेबरावांनी स्वतःचा फेटा उतरवून काखेत धरला. पीटरनं वहीतलं पान हळूच खोडलं. हन्नाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. काहीतरी थोडकंच बोलल्या.

"काय म्हणल्या?" साहेबरावांनी विचारलं.

"म्हणल्या, आता तुमची शपथ राह्यली."

साहेबरावांनी हात पुन्हा मानेवर ठेवला आणि शपथ म्हटली. आवाज एवढा बारीक, की आमच्यापर्यंत फक्त 'न्हाई' तेवढं आलं.